चौदाव्या वर्षापासून पहिल्या करारापर्यंत : मिडफिल्डर मुलीच्या पालकांना सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली मुलगी चौदा वर्षांची असून दापोली तालुक्यातील शाळेत नववीत शिकते. शाळेच्या संघात ती मधल्या फळीत खेळते आणि एरवी गावातल्या मुलग्यांबरोबर सराव करते. तिला व्यावसायिक फुटबॉलपटू व्हायचे आहे आणि मोठ्या शहरातील एका निवासी अकादमीच्या ट्रायलमध्ये तिची निवड झाली आहे. तिला आताच पाठवावे की दहावी होईपर्यंत घरी ठेवावे, आणि या वाटेवरची पहिली पाच-सहा वर्षे प्रत्यक्षात कशी असतात, असे आपण विचारले आहे.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मी अनेक वर्षे शाळकरी मुलींना फुटबॉल शिकवत आलो आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो. पुढील चार वर्षांत तिला अशा ठिकाणी ठेवा, जिथे ती नियमितपणे, पूर्ण वेळ, मधल्याच जागेवर आणि स्वतःपेक्षा थोड्या सरस प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध सामने खेळेल. ते ठिकाण अकादमी असेल तर अकादमी, कोल्हापूर असेल तर कोल्हापूर आणि काही काळ दापोलीच असेल तर दापोली. संस्थेचे नाव, वसतिगृहाची इमारत, हिरवेगार कृत्रिम मैदान या गोष्टींचा विचार त्यानंतर करावा.

हे मी मिडफिल्डरच्या बाबतीत विशेष आग्रहाने सांगतो, कारण या जागेचा खेळ इतर जागांपेक्षा वेगळ्या रीतीने शिकला जातो. आघाडीच्या खेळाडूचा वेग आणि नेमबाजी किंवा गोलरक्षकाची झेप वीस मिनिटांच्या ट्रायलमध्ये दिसू शकते. मधल्या फळीतील मुलीचे खरे काम मात्र चेंडू तिच्या पायाशी नसतानाच चाललेले असते. ती पास येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे हे पाहते का, शरीर अर्धे वळवून चेंडू घेते का, आपल्या बचावपटूला पास देण्यासाठी कोन मिळावा म्हणून चार पावले बाजूला सरकते का, संघ दमलेला असताना खेळाची गती कमी करते का, हे कळायला किमान दोन-तीन पूर्ण सामने पाहावे लागतात. म्हणूनच ट्रायलमध्ये मधल्या फळीतून बहुधा धिप्पाड किंवा चेंडू घेऊन एकटीच पळणाऱ्या मुली निवडल्या जातात. आपल्या मुलीची निवड झाली याचा आनंद माना, परंतु तिच्या खेळातील कोणता गुण पाहून निवड केली, हे त्या प्रशिक्षकांना अवश्य विचारा. 'तिचा वेग चांगला आहे, तिला आम्ही कडेने खेळवू' असे उत्तर आले, तर तिला मिडफिल्डर म्हणून घडवण्याचा त्यांचा विचार नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते.

मान वळवून पाहण्याच्या या सवयीवर नॉर्वेचे संशोधक गायर युर्डेट यांनी पुष्कळ अभ्यास केला आहे. चेंडू येण्याआधीच्या काही सेकंदांत जे खेळाडू अधिक वेळा आजूबाजूला पाहतात, त्यांचे पुढे दिलेले पास अधिक प्रमाणात यशस्वी होतात, असे त्यांना आढळले. ही सवय घराच्या अंगणातही लागते. कोकणात बहुतेक घरांभोवती जांभ्या दगडाचा गडगा असतो. त्याचा पृष्ठभाग ओबडधोबड असल्यामुळे त्यावर मारलेला चेंडू कधी सरळ येतो, कधी तिरपा, आणि पहिल्या स्पर्शाच्या सरावासाठी हा अनपेक्षितपणा फार उपयोगी पडतो. तिने गडग्यावर चेंडू मारावा, आपण तिच्या मागे उभे राहून हाताची काही बोटे वर करावीत आणि चेंडू परत तिच्या पायाशी येण्याआधी तिने मागे पाहून तो आकडा सांगावा. रोज पंधरा-वीस मिनिटे, निम्मा वेळ डाव्या पायाने, एवढे पुरते. यासाठी आपल्याला फुटबॉल येण्याची काहीच गरज नाही.

आता मोठ्या खेळाडूंच्या सुरुवातीच्या वर्षांकडे पाहू. स्पेनची मिडफिल्डर आयताना बोनमाती हिने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे बॅलन डी'ऑर हा जगातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळवला. तिचा जन्म १९९८ चा. बार्सिलोनापासून काही अंतरावर असलेल्या सांत पेरे दे रिबेस या लहान गावात ती वाढली आणि किशोरवयापर्यंत स्थानिक क्लबांच्या मुलग्यांच्या संघांत खेळली. २०१२ मध्ये ती बार्सिलोनाच्या युवा विभागात दाखल झाली, तेव्हा सरावासाठी ती वडिलांच्या सोबतीने सार्वजनिक वाहनांनी लांबचा प्रवास करत असे. त्यानंतर ती दुय्यम संघात खेळली, २०१६ मध्ये मुख्य संघात आली आणि तिथे नियमित स्थान मिळायला आणखी काही काळ लागला. तिच्याच संघातील अलेक्सिया पुतेयास हिची वाट तर आणखी वळणाची आहे. ती लहानपणी बार्सिलोनात थोडा काळ होती, पण घडली एस्पान्योल या क्लबमध्ये, आणि २०११-१२ चा हंगाम तिने लेवांते या क्लबकडून खेळून काढला. २०१२ मध्ये ती बार्सिलोनात परतली ती वरिष्ठ फुटबॉलचा अनुभव गाठीशी बांधूनच. पुढे २०२१ आणि २०२२ चे बॅलन डी'ऑर तिला मिळाले.

आपल्याकडील मनीषा कल्याण ही पंजाबातील होशियारपूर जिल्ह्याची. कडेने आणि आक्रमक मिडफिल्डर म्हणून ती खेळते. गोकुलम केरळ या क्लबकडून तिने इंडियन विमेन्स लीग ही देशातील महिला क्लबांची सर्वोच्च स्पर्धा गाजवली, नोव्हेंबर २०२१ मध्ये आशियाई क्लब स्पर्धेत गोल केला आणि त्याच महिन्यात मनाउस येथे ब्राझीलविरुद्ध भारताचा एकमेव गोलही तिनेच केला. तो सामना भारताने १-६ असा गमावला, तरी त्या एका गोलाची किंमत कमी होत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलॉन क्लबकडून ती युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली आणि तसे करणारी पहिली भारतीय ठरली. तेव्हा तिचे वय वीस होते. देशांतर्गत लीग, मग आशियाई स्पर्धा, मग युरोप अशा पायऱ्या तिने क्रमाने ओलांडल्या आणि प्रत्येक पायरीवर ती प्रत्यक्ष मैदानावर होती.

मनाउसचा तो सामना आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. ब्राझीलची मिडफिल्डर फोर्मिगा हिचा तो राष्ट्रीय संघासाठीचा निरोपाचा सामना होता. १९९५ ते २०१९ या काळात सात विश्वचषक स्पर्धा खेळलेली ही खेळाडू त्या दिवशी त्रेचाळीस वर्षांची होती. मधल्या फळीतील खेळाडूची बुद्धी वयाबरोबर वाढत जाते आणि तिचा खेळाचा काळ लांबू शकतो. चौदाव्या वर्षी घर सोडले नाही तर गाडी चुकेल, ही पालकांची भीती मला म्हणूनच अनाठायी वाटते.

गाडी चुकते ती वेगळ्या कारणाने. मोठ्या अकादमीत निवड झालेली मुलगी दोन वर्षे राखीव खेळाडूंत बसून राहते. सराव रोज होतो, गणवेश मिळतो, समाजमाध्यमांवर छायाचित्रे येतात, पण सामने मिळत नाहीत. आमच्या किनाऱ्यावरून गेलेल्या काही गुणी मुली अशा रीतीने सोळाव्या-सतराव्या वर्षी परत आल्या, आणि परत आल्यावर त्यांचा पाय पूर्वीपेक्षा चांगला होता, पण खेळ वाचण्याची नजर मंदावली होती. पोहायला जसे पाण्यातच उतरावे लागते, तसे मधल्या फळीचे शिक्षण सामन्यातच होते. दुसऱ्या मिनिटाला केलेली चूक सत्तराव्या मिनिटाला पुन्हा करायची नाही, हे सरावाच्या चौकटीत शिकता येत नाही.

याचा अर्थ तिला गावातच ठेवावे असा नाही. कोकणात मुलींच्या सामन्यांचा दुष्काळ आहे आणि तो आपण मान्य केला पाहिजे. आपल्याकडे कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट यांची मुळे खोल आहेत, तर मुलींचा फुटबॉल संघ फार थोड्या शाळांत असतो. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि सुब्रतो मुखर्जी चषक या देशभरातील शाळांच्या फुटबॉल स्पर्धेत मुलींचा १७ वर्षांखालील गट आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही वाट आहे. क्रीडा खात्याच्या रचनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे कोल्हापूर विभागात येतात, त्यामुळे जिल्हा जिंकलेल्या आपल्या मुलींची गाठ लगेच कोल्हापूरच्या मुलींशी पडते. कोल्हापुरात फुटबॉल पेठापेठांत, तालमीतालमींत खेळला जातो आणि तिथल्या एफसी कोल्हापूर सिटी या संघाने इंडियन विमेन्स लीगमध्येही भाग घेतलेला आहे. आपल्या मुली तिथे बहुधा हरतात. पण मधल्या फळीत खेळणाऱ्या मुलीसाठी तो पराभवाचा एक तास आपल्याकडच्या दहा सहज विजयांपेक्षा अधिक शिकवणारा असतो, म्हणून त्या सामन्याला जाण्याची संधी कधीही दवडू नका.

यात एक स्थानिक अडचण आहे. सुब्रतोच्या खालच्या फेऱ्या साधारणतः जुलै-ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे भर पावसात होतात. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते आणि तोवर मैदानात चिखल झालेला असतो. त्यामुळे आपल्या मुलींची तयारी एप्रिल-मे महिन्यांत व्हायला हवी, आणि नेमके तेव्हाच घरात आंब्याचा हंगाम, पाहुणे आणि लग्नसराई असते. या दोन महिन्यांत सकाळचा दीड तास मुलीसाठी राखून ठेवणे, ही आपण पालक म्हणून करू शकाल अशी सर्वांत मोठी मदत आहे.

मैदान नसल्याची तक्रार मात्र किनाऱ्यावरच्या माणसाने फार करू नये. ओहोटी लागल्यावर मागे राहणारी ओली, घट्ट वाळू पासिंगच्या सरावाला उत्तम असते. कोळीवाड्यातील माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. त्या हिशेबाने पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी मिळते, आणि भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. महिन्याचा सराव त्याप्रमाणे आखता येतो. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. कोरड्या, भुसभुशीत वाळूत जास्त धावल्यास पोटऱ्यांवर आणि टाचेच्या शिरेवर ताण येतो. शिवाय किनारा समुद्राकडे उतरता असल्यामुळे एकाच दिशेने धावत राहिल्यास एका पायावर अधिक भार पडतो, म्हणून दर थोड्या वेळाने बाजू बदलावी. सड्यावरच्या कातळावर उड्यांचे आणि वेगाने धावण्याचे व्यायाम अजिबात देऊ नयेत, कारण नडगीचे दुखणे तिथूनच सुरू होते.

शरीराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मुलींच्या बाबतीत यामुळे सुरुवातीची वर्षे वाया जातात. वरिष्ठ स्तरावर मधल्या फळीतील खेळाडू एका सामन्यात साधारण १० ते ११ किलोमीटर धावते आणि त्यात शेकडो वेळा थांबणे, वळणे, पुन्हा सुटणे असते. गुडघ्याच्या आतील पुढचा अस्थिबंध, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलग्यांच्या दुप्पट-तिप्पट आढळते. पुतेयाससारख्या खेळाडूचाही हा अस्थिबंध जुलै २०२२ मध्ये युरो स्पर्धेच्या तोंडावर तुटला आणि तिला अनेक महिने बाहेर बसावे लागले. फिफाने तयार केलेला 'इलेव्हन प्लस' नावाचा सुमारे वीस मिनिटांचा सराव-पूर्व व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा नीट केल्यास दुखापती लक्षणीय प्रमाणात घटतात, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. त्यासाठी साहित्य लागत नाही. उडी मारून उतरताना दोन्ही गुडघे आत वळत नाहीत ना, एवढे एकच जरी आपण रोज पाहिले तरी पुष्कळ साधते.

दुसरा विषय रक्तक्षयाचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मुलगी दुसऱ्या अर्ध्यात थकते, पाय जड होतात, तेव्हा प्रशिक्षक तिला 'दम नाही' म्हणून बाहेर बसवतात आणि कारण हिमोग्लोबिनचे असते. वर्षातून दोनदा तपासणी करावी, आणि प्रमाण १२ ग्रॅमच्या खाली असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार घ्यावेत. आपल्या स्वयंपाकघरात यासाठी लागणारे बरेच काही आहे. बांगडा आणि तारली, कुळथाची पिठी, पालेभाज्या, वर लिंबाची फोड हे उत्तम जेवण आहे आणि नाचणीची भाकरी हाडांसाठी कॅल्शियम देते. जेवणाला लागून चहा मात्र देऊ नका, त्यामुळे लोह अंगी लागत नाही. मासिक पाळी अनियमित झाली किंवा काही महिने थांबली, तर मुलीचे खाणे तिच्या धावण्याच्या मानाने अपुरे पडत आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. हा विषय तिने आईशी आणि शक्यतो प्रशिक्षकांशीही मोकळेपणाने बोलावा. ज्या संस्थेत मुलींसाठी एकही महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक नाही, तिथे मी माझ्या हातची मुलगी पाठवत नाही.

कागदपत्रांचे काम लहान आहे पण आधी उरकावे. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवरील नाव व तारीख अक्षरशः सारखी असावी. राष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या नोंदणी प्रणालीत खेळाडूची नोंद होते आणि वयाची खात्री करण्यासाठी हाडांची चाचणीही घेतली जाते.

सतरा ते एकवीस हा खऱ्या अर्थाने कारकिर्दीचा आरंभ असतो. राज्याच्या कनिष्ठ संघातून आणि पुढे राजमाता जिजाबाई चषक या नावाने खेळल्या जाणाऱ्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेतून क्लबांचे लक्ष वेधले जाते. इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ च्या हंगामात सुरू झाली, २०२३-२४ मध्ये ती प्रथमच स्वतःच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर अशा पद्धतीने खेळली गेली, आणि तिच्या खाली दुसरी श्रेणीही आता आहे. २०२४-२५ मध्ये वरच्या श्रेणीत ८ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला १४ सामने आले. म्हणजे संघात जागा असलेल्या मुलीलाच वर्षाला चौदा लीग सामने मिळतात, तर राखीव खेळाडूला कदाचित त्यातील शंभर मिनिटे मिळतील. म्हणून पहिला करार करताना वरच्या श्रेणीतील बाकापेक्षा दुसऱ्या श्रेणीतील नियमित जागा मी पसंत करतो.

पैशाचे चित्र स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. २०२३ मध्ये महासंघाने लीगमधील प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३.२ लाख रुपयांचा करार द्यावा, असे ठरवले. ही रक्कम सन्मानाची आहे, पण तिच्यावर आयुष्याची आखणी होत नाही. जुलै २०२५ मध्ये थायलंडविरुद्ध दोन गोल करून भारताला आशिया चषकाचे तिकीट मिळवून देणारी मिडफिल्डर संगीता बासफोर ही सशस्त्र सीमा बलात नोकरी करते, आणि मिडफिल्डर इंदुमती कथिरेसन तामिळनाडू पोलिसांत आहे. आपल्या राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलतही मिळते. दोन्हींसाठी स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून ठेवावी लागतात आणि नोकरीसाठी शिक्षण पूर्ण असावे लागते. परदेशी क्लबचे आमिष कोणी आताच दाखवले तर फिफाचा नियम लक्षात ठेवा : काही ठराविक अपवाद सोडता अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी आंतरराष्ट्रीय बदली होत नाही. चौदा वर्षांच्या मुलीसाठी परदेशाच्या नावाने पैसे मागणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवावे.

आता आपल्या प्रत्यक्ष निर्णयाकडे येतो. त्या अकादमीला लेखी विचारा : गेल्या हंगामात त्यांच्या या वयोगटाच्या मुलींच्या संघाने किती अधिकृत सामने खेळले, मधल्या फळीत सध्या किती मुली आहेत आणि त्यांतील कितीजणी पुढच्या वर्षीही याच गटात राहणार, नवीन मुलीला कोणत्या जागेवर खेळवणार, दहावीची शाळा कोणती आणि तिथे प्रत्यक्ष हजेरी असते का, दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कोण करते. उत्तरे समाधानकारक असतील तर दहावीची वाट न पाहता पाठवायला माझी हरकत नाही. उत्तरे मोघम असतील, तर पुढील दीड वर्ष ती दापोलीतच राहू द्या. आठवडाभर मुलग्यांबरोबर सराव, महिन्यातून एक-दोनदा कोल्हापूर किंवा रत्नागिरीच्या संघांशी मैत्रीपूर्ण सामने, शालेय स्पर्धा, आणि आपल्या भागात खेलो इंडियाची मुलींसाठीची अस्मिता लीग होत असेल तर तिच्यात सहभाग, असा क्रम ठेवा. एस.टी.मध्ये महिलांना अर्धे तिकीट असल्याने मुली आणि सोबत जाणाऱ्या आया यांचा प्रवासखर्चही आटोक्यात राहतो. दहावीनंतर अकरावीसाठी कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई येथे तिची व्यवस्था करणे तेव्हा अधिक सोपे जाईल, कारण ती सोळा वर्षांची असेल आणि स्वतःची काळजी घेऊ शकेल.

अकादमीचे उत्तर आले की मला कळवा. त्याबरोबर तिच्या एखाद्या सामन्याचे चित्रण पाठवता आले तर पाठवा, पण ते पूर्ण सामन्याचे असावे, आणि शक्यतो ती ज्यात हरली आहे अशा सामन्याचे. मोबाईल मैदानाच्या मध्यरेषेजवळ उंच जागी ठेवावा आणि चेंडूमागे न फिरवता तिच्यावर रोखलेला असावा, म्हणजे चेंडू दूर असताना ती काय करते हे मला पाहता येईल.